साडूभाऊ नुसतं बघतात

या जगात जे काही स्क्रूनं आवळलेलं आहे, ते आपण एकदा तरी सैल करून बघावं म्हणूनच आवळलेलं आहे, अशी आमच्या साडूभाऊंची पक्की समजूत. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात, आणि सही करायची वेळ आली की पेन माझं मागतात. ते उस्मानपुऱ्यात आमच्या घरी आले की माझी बायको चहाचं आधण नंतर ठेवते. आधी मिक्सर कपाटात घालून कुलूप लावते. एकदा आम्ही दोघं शहागंजच्या बाजारात बिजागऱ्या घ्यायला गेलो होतो. दुकानातला पंखा जरा कुरकुरत होता. दुकानदार आतून माल घेऊन येईपर्यंत साडूभाऊ स्टुलावर आणि पंख्याची टोपी माझ्या हातात. "भाईजान, पंखा चलरा था ना, कायकू खोले?" दुकानदार कळवळून म्हणाला. "चालत व्हता, पण सुखानं नाय," साडूभाऊ वरूनच म्हणाले. मग तासभर आम्ही तिघं घाम पुसत बसलो. पंखा मात्र असा बिनआवाजाचा झाला की दुकानदारानं वर आम्हाला चहा पाजला. माणूस लई गुणी. तक्रार एवढीच, की त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

या बिनबोलावण्याच्या गुणानंच शेवटी घात केला. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरी करते, भाड्याच्या घरात एकटी राहते. दिवाळीनंतर हे तिच्याकडं गेले. ती आतल्या खोलीत आणखी चांगल्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत देत होती, आणि बाहेर यांना तिचं वायफाय जरा मंद वाटलं. पुढचं काय सांगायचं? ऐन मुलाखतीत वायफाय बंद पडलं आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. हे निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "पप्पा, कशालाच हात लावणार नसाल तेव्हा या." तेव्हापासून साडूभाऊंचं पुण्याला जाणं बंद झालं. मेहुणी एकटीच जाऊन यायची आणि हे तिला बसमध्ये बसवून परत यायचे. "नळ गळतोय म्हणं तिचा," एकदा मला म्हणाले, आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

नेमकं त्याच सुमारास त्यांच्या कंपनीनं एका नव्या साधनाची माहितीपुस्तिका लिहायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. साडूभाऊ कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधले जुने जाणकार, पण मूळचे कन्नड तालुक्यातले, शेतीवाडीतले, त्यामुळं मला सगळं वावरावरूनच समजावतात. "समजा, एकच वावर हाय. त्यात मनानंच बांध घालून धा वावरं केली. बांध दिसत नाय, पण ह्याचं पाणी त्याच्यात जात नाय. आमचं तसंच. तार एक, जाळी धा." आता या न दिसणाऱ्या जाळ्यांची चौकशी माणसाऐवजी एआय एजंट करणार, म्हणजे विचारलेलं शोधून आणणारा यांत्रिक गडी. पुस्तिका वाचून काम करायचं तेही त्यानंच. कोणतं जाळं कुठं जोडलंय, कुठं अडलंय, सगळं त्याला दिसणार. बदलता मात्र काहीच येणार नाही, कारण या साधनात बदलायची सोयच ठेवलेली नाही. "म्हणजे नुसतं बघायचं?" मी विचारलं. "नुसतं बघायचं," साडूभाऊ इतक्या पडेल आवाजात म्हणाले की मला त्या गड्याची दया आली.

मी शाळेत मराठी शिकवतो. तरी लिहिलेलं प्रत्येक पान ते मला समजावून सांगायचे. "तुमाला कळलं म्हंजे कुणालाबी कळंल," हा माझा गौरव. पण जित्याची खोड पानावरही उतरायचीच. प्रत्येक पानाच्या शेवटी साडूभाऊंच्या दोन ओळी जास्तीच्या: बिघाड दिसला तर तो असा दुरुस्त करावा. चाचणीच्या दिवशी एजंटनं ती पानं वाचली आणि साधनात दुरुस्तीची आज्ञा शोधत सुटला. ती नव्हतीच. मग त्यानं स्वतःच्या मनानं एक रचली, ती चालेना, म्हणून दुसरी रचली, आणि या भानगडीत विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच राहिलं. "लई आगाऊ निघाला," साडूभाऊ वैतागून सांगत होते. "नुसतं सांग म्हटलं, तर हा पाना घेऊन पळतोय." मी म्हटलं, "गेला कुणावर म्हणायचा?" मला वाटलं हसतील. हसले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून उठले, आणि घरी जाऊन त्या सगळ्या ओळी खोडल्या. त्या जागी लिहिलं: दिसलं ते सांगावं, दुरुस्ती ज्याचं घर त्यानं करावी. मॅनेजरनं 'घर' काढून 'जाळं' घातलं म्हणे.

पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले. जाताना टेस्टर माझ्याकडं ठेवून गेले. परत आल्यावर म्हणाले, "हात मांडीखाली घेऊन बसलो व्हतो बघा. नळ टपटप, दाराची कडी सैल, काय सांगू तुमाला. शेवटी तीच म्हणली, पप्पा, नळाला काय झालंय? म्या जाग्यावरून सांगितलं, वायसर गेलंय. ती घेऊन आली, पाना तिनंच फिरवला." मी विचारलं, "मग?" "थांबला नळ. पुढल्या महिन्यात पुन्हा या म्हणली." एवढं बोलून ते डोळे पुसायला लागले. मी टेस्टर पुढं केला, तर म्हणाले, "राहू द्या तुमच्यापाशीच."

आता ते येतात तेव्हा मिक्सर ओट्यावरच असतो. पंखा कुरकुरला तर वर बघतात, "बेअरिंग गेलंय," म्हणतात आणि बशीत चहा ओततात. बायको म्हणते, सुटलो बाई एकदाचे. पोरीचं घर त्यांना परत मिळालं याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे. पण खरं सांगायचं तर मला करमत नाही. परवा बायको भाजी आणायला गेलेली बघून मी स्टुलावर चढलो, त्यांच्याच टेस्टरनं आमच्या दारावरच्या बेलचा एक स्क्रू सैल केला आणि साडूभाऊंना फोन लावला. म्हटलं, "बेल वाजत नाही. घर माझं आहे, मी सांगतोय. या आणि हात लावा."

पलीकडून साडूभाऊंनी हळूच विचारलं, "टेस्टर हाय ना तुमच्यापाशी?"