धक्क्याला बांधलेले मामेसासरे

ज्याच्या घरी जाण्याआधी बूट कोणते घालावेत याचा गंभीरपणे विचार करावा लागे असा मराठी माणूस सबंध सिंगापूर बेटावर एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. इतरांचे नातेवाईक बुओना व्हिस्टाच्या काँडोत नाहीतर आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये राहतात. शनिवारी फोन करावा, एमआरटीची मेट्रो पकडावी, लिफ्टने वर जावं, पोहे खाऊन परत यावं. आमच्या नशिबी मात्र टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमागून वाहणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या कडेकडेने घाम पुसत चालणं होतं. कालवा जिथे खाडीला मिळतो तिथे एक जुना धक्का होता. त्यावर उभं राहून "मामा" अशी हाक मारायची, धक्का आणि मामांची राहती नाव यांच्यातली फट नजरेने मापायची, आणि मग देवाचं नाव घेऊन पाय टाकायचा. माझी बायको या क्षणी नेहमी म्हणायची, की माझ्या मामाला सुरुवातीपासून असंच आहे. जणू काही मीच तिला तो मामा बघून दिला होता.

मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येऊन पेपर वाचत बसतील असा सगळ्या घराण्याचा समज होता. मामींनी तर त्यांच्यासाठी बाल्कनीत वेताची खुर्चीही आणून ठेवली होती. पण मामा शेवटच्या जहाजावरून सिंगापुरात उतरले ते उतरलेच. देश सोडून चाललेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाकडून त्यांनी ही लाकडी नाव विकत घेतली, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि यापुढे मी शहराचे फोटो काढणार असं जाहीर केलं. मामी फोनवर एवढंच म्हणाल्या, की नवरा पाण्यावरून परत यायची वाट मी जन्मभर पाहिली, आता त्याच्यामागे पाण्यावर जा असं मला कोणी सांगू नये. त्या दिवसापासून मामांच्या आयुष्यात दोनच कामं उरली. एक, शहराचे फोटो काढणं. दुसरं, मामींना नावेवर राहायला आणणं. पहिल्यात त्यांना झपाट्याने यश येत गेलं.

नावेविषयी थोडं सांगायला हवं. ती नाव होती, म्हणजे पाण्यावर होती, एवढंच. चालत नव्हती. मामांनी आल्या आल्या तिचं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलं आणि ते पुन्हा कधी बंद झालं नाही. अजस्र जहाजांची इंजिनं ज्याने आयुष्यभर सांभाळली, त्याच्या घरात इंजिनचे सुटे भाग कुकरशेजारी, देवघराखाली आणि एकदा तर साबुदाण्याच्या डब्यात मिळाले. मी एकदा चाचरत विचारलं, की मामा, हे जोडणार कधी? त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. इंजिन जोडलं की ते चालू होतं, चालू झालं की त्याच्यामागे खाली जाऊन बसावं लागतं, तेव्हा ते उघडंच बरं, असं त्यांचं म्हणणं. मला हे काही केल्या कळलं नाही. पण मामेसासऱ्यांच्या सगळ्याच गोष्टी जावयाला कळल्या पाहिजेत असा नियम नाही.

फोटोग्राफर म्हणून मात्र त्यांची भलतीच ख्याती होती. बारसं असो, मुंज असो, हळदीकुंकू असो, टॅम्पिनीसमधल्या मराठी घरांतून मामांनाच बोलावणं जायचं. त्यांची पद्धत अशी, की सगळ्यांना ओळीत उभं करायचं, स्वतः पाय फाकून उभं राहायचं, डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. कारण नावेवर राहून त्यांना सवय लागली होती, की पायाखालचा झोका एका बाजूला जाऊन परत आला की मधल्या स्थिर क्षणी बटण दाबायचं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला कसला झोका येणार? पण मामा त्याची इमानदारीने वाट बघायचे. एका गुढीपाडव्याला आमच्या शेजाऱ्यांची मुलगी वैतागून म्हणाली, "अंकल, धिस फ्लोअर नॉट मूव्हिंग लाह." मामा तिला म्हणाले, "धीर धर, बाळ." तोपर्यंत लोकांचं हसू सुकलेलं असे, आत ओढून धरलेली पोटं सुटलेली असत, कोणी नवऱ्याकडे रागाने बघत असे, कोणी जांभई देत असे. आणि मग फट्‌कन फोटो निघायचा. गंमत अशी, की ते फोटो लोकांना फार आवडायचे. आमच्या सासूबाई माझ्याकडे प्रेमाने बघताहेत असा जगातला एकमेव फोटो मामांनी काढलेला आहे. त्या तेव्हा खरं तर माझ्यामागच्या श्रीखंडाच्या भांड्याकडे बघत होत्या, पण फोटोत ते येत नाही.

समारंभ नसेल त्या दिवशी मामा शहरात भटकायचे. ज्या गोष्टी बघायला लोक विमानाने येतात त्यांच्याकडे त्यांनी कधी कॅमेरा वळवला नाही. त्यांना आवडायचं ते भलतंच. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जागा धरून ठेवण्यासाठी लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात, आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. या पाकिटांचे मामांकडे शेकडो फोटो होते. आपल्याकडे सीटवर प्रत्यक्ष माणूस बसवला तरी जागा टिकत नाही, असं ते भारावून सांगायचे. ब्लॉकच्या खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवरचे वाळत घातलेले कपडे त्यांना विशेष प्रिय. कपड्यांवरून ते घरातली माणसं ओळखायचे. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी शाळेचा गणवेश वाळत घातलाय, म्हणजे नात राहायला आलेली दिसते, असं ते कालव्याच्या काठाने जाताना आम्हाला सांगायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. कालव्यात पाणमांजरांचं एक कुटुंब होतं, त्याला मामा 'मॅनेजिंग कमिटी' म्हणत, कारण सगळे एकदम येत, कलकलाट करत आणि काहीही न ठरवता निघून जात. ज्या वर्षी शेजारच्या देशातल्या वणव्यांच्या धुराने सिंगापूर झाकून टाकलं, शाळा-ऑफिसांतले लोक मास्क लावून फिरू लागले, तेव्हाही मामा फोटो काढत होते. नंतर त्यांनी आम्हाला घरी बोलावून ते दाखवले. सगळे पांढरे. ही डावीकडे क्रेन, हा मधे पूल, अशी ते बोट ठेवून ओळख करून देत होते आणि आम्ही तिघं-चौघं जण त्या कोऱ्या कागदांकडे बघून वा वा म्हणत होतो.

गणपतीत तर त्यांच्याकडे रांग लागायची. इथे समुद्रात वाटेल तिथे काही सोडता येत नाही, म्हणून आम्ही सगळे घरीच बादलीत विसर्जन करतो. मामांची नाव पाण्यावर आहे म्हटल्यावर लोकांच्या आशा पालवल्या. टॅम्पिनीसहून पाट डोक्यावर घेऊन माणसं धक्क्यावर आली, नावेत उतरली, आरती झाली, आणि मामांनी शांतपणे पुढे एक निळी बादली आणून ठेवली. नियम म्हणजे नियम. चहूकडे पाणी, आणि मधे बादलीत बाप्पा. पण बादली पाण्यावर आहे, तेव्हा हिशेब बरोबर आहे, असं मामांनी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. पुढच्या वर्षी दुप्पट लोक आले.

या सगळ्याचे फोटो मामा रोज मामींना पाठवायचे. मामी ते बघायच्या आणि उत्तरादाखल बाल्कनीतल्या रिकाम्या वेताच्या खुर्चीचा फोटो पाठवायच्या. दोघांचं असं छान चाललं होतं. पण मामांचा चेहरा ते उत्तर बघताना पडायचा, हे मी पाहिलं आहे. आणि मग एका डिसेंबरात मामी आल्या. नावेवर राहायला नाही, आमच्याकडे, भाचीला भेटायला, असं त्यांनी विमानतळावरच स्पष्ट केलं.

आल्यावर पहिला आठवडा त्यांनी नावेचा विषयही काढला नाही. मामा रोज सकाळी कालव्याकाठून चालत आमच्याकडे यायचे, जेवायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि संध्याकाळी एकटेच परत जायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस नव्या नवऱ्यासारखा सोफ्याच्या कडेवर बसलेला बघून मी उगाचच त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवायचो. शेवटी माझ्या बायकोने मामींना गळ घातली. एकदा नुसतं बघायला यायचं त्यांनी कबूल केलं, आणि नाव हलली तर त्याच पावली परत येईन असं बजावलं.

नाव हलता कामा नये, हे मामांनी मनावर घेतलं. आता जहाजावर इंजिनवाल्यांचं जग खाली आणि दोरांचं जग वर, डेकवाल्यांकडे. मामांनी जन्मात कधी दोराला हात लावला नव्हता. नाव नेहमी धक्क्यावरचा मलाय रखवालदार बांधायचा. आम्ही त्याला पाकचिक, म्हणजे काका, म्हणायचो. तो नेहमी दोर सैल सोडायचा. पण त्या सकाळी मामांनी त्याला न विचारता नवे दोर आणले आणि ऐन भरतीला नाव धक्क्याशी अशी आवळून टाकली, की ती भिंतीसारखी उभी राहिली. मामी आल्या, सावधपणे पाय टाकून आत गेल्या, आणि खरंच काही हललं नाही. मामांनी विजयी मुद्रेने चहा ठेवला. दोघांना जरा एकटं बोलू द्यावं म्हणून मी आणि बायको जेवण बांधून आणायला हॉकर सेंटरवर गेलो, आणि मुद्दामच दुपारपर्यंत रेंगाळलो.

परत येऊन बघतो तर नाव जागेवर नाही. म्हणजे होती, पण एका बाजूने खूप खाली. पाणी ओहोटीने उतरलं होतं, आणि आवळून बांधलेली नाव दोरांना लटकून खाडीच्या बाजूला कलली होती. त्या उतारावरून धक्क्यावर चढून येणं मामा-मामींच्या आवाक्यातलं नव्हतं. आत कुकर, इंजिनचे नट आणि निळी बादली एका कोपऱ्यात जमा झाली होती, आणि वरच्या बाजूच्या बाकाला घट्ट धरून मामी बसल्या होत्या. मामा गाठी सोडायला धडपडत होते, पण नावेच्या वजनाने त्या दगड झाल्या होत्या. पाकचिकने वरून एक नजर टाकली. दोर कापले तर नाव आपटेल, एवढं म्हणून तो शांतपणे खाली बसला. "वेट लाह, अंकल. वॉटर कम बॅक."

पाणी यायला संध्याकाळ होणार होती. आम्ही जेवणाची पिशवी दोरीने खाली सोडली आणि धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलो. मामा मान खाली घालून मामींपासून जरा लांब बसले होते. इतक्या वर्षांची खटपट एका दुपारी अशी कलंडली, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. मला तेव्हा हसायला येत होतं हे कबूल करतो, आणि फार वाईटही वाटत होतं. नाव कलल्यामुळे मामींच्या समोर खाडी, पलीकडची जहाजं आणि लांबवर क्रेन असं सगळं आपोआपच मांडलं गेलं होतं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, बंदरात शिरताना असंच दिसायचं का तुम्हाला?"

मामा म्हणाले, "मला काय माहीत. बंदर आलं की चीफ खाली. मी इंजिनरूममध्ये."

"आणि निघताना?"

"निघतानाही."

"म्हणजे सिंगापूर, रॉटरडॅम, ते सगळं..."

"सगळं खालून. बेअरिंग किती तापलंय ते बघत. वर यायचो तोवर चोहीकडे नुसतं पाणी."

मामी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदराने उगाचच बाक पुसत म्हणाल्या, "आणि मी कोथरूडात बसून जळत होते. म्हटलं, हा माणूस जग बघतोय आणि मी दुधाचं पातेलं."

मामा कललेल्या फळीवरून सरकत सरकत मामींच्या शेजारी गेले आणि समोर बोट दाखवून काहीतरी सांगू लागले. वरपर्यंत ऐकू येत नव्हतं. बहुधा जहाजांवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल असावं, कारण मामी मधेच हसल्या.

दिवेलागणीला पाणी चढलं, नाव हळूहळू सरळ झाली, धक्क्याच्या पातळीला आली. गाठी सैल पडताच पाकचिकने दोन झटक्यांत त्या सोडवल्या आणि नाव डुलायला लागली. माझ्या बायकोने खाली वाकून मामींना हात दिला. मामींनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. आमच्यासाठी जेवायला थांबू नका."

पुढे दरवर्षी थंडीचे महिने त्या नावेवर यायच्या, आणि काही वर्षांनी मामांचे गुडघे बोलायला लागल्यावर मामा त्यांच्याबरोबर कोथरूडला गेले. परवा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी बायकोने मामांचे सगळे फोटो चाळले. टिश्यूची पाकिटं होती, पाणमांजरं होती, सबंध पांढरे कागदही होते. त्या दुपारचा एकही नव्हता. कॅमेरा दिवसभर मामांच्या गळ्यात होता हे मला पक्कं आठवत होतं, म्हणून मी फोन करून विचारलं.

मामा म्हणाले, "तेव्हा मी बघत होतो, जावईबापू."