ट्रॉयची सुंदरी आणि माझा चष्मा

नातीला शाळेच्या नाटकात त्या ग्रीक सुंदरीचं काम मिळालं, तेव्हा आमच्या ड्रेस्डेनच्या घरात सगळ्यांत जास्त नाचले ती मी. जगातली सर्वांत सुंदर बाई. ट्रॉयचा राजपुत्र तिला नवऱ्याच्या घरातून घेऊन जातो आणि दहा वर्षं युद्ध चालतं. त्याने पळवली की ही आपणहून गेली, यावर ते जुने ग्रीक-रोमन लोक शेवटपर्यंत भांडले म्हणे.

हेच काम मी कॉलेजच्या गॅदरिंगला केलं होतं. "मी पुढे आले आणि अख्खं सभागृह गप्प झालं," हे मी नातीला ती चार वर्षांची असल्यापासून ऐकवत आले आहे. तिथेच घोळ झाला.

नात पंधरा वर्षांची. चष्म्याचा नंबर मायनस सहा. लेन्स घातली की डोळ्यांतून नुसत्या धारा. आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, चष्मा न लावता स्टेजवर जाणार.

"अगं, आपटशील!"

"नाइन." म्हणजे जर्मनमध्ये 'नाही'.

"राजपुत्र दिसणार कसा तुला?"

तिने भिंतीवरच्या माझ्या गॅदरिंगच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, तुला कुठे होता चष्मा?

मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उडवून लावायचं. त्या फोटोमागच्या भिंतीशी बोलले असते तर तिने तरी निमूट ऐकून घेतलं असतं. लेकीला मध्ये घालावं, तर ती कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून दमून आलेली. "आई, तुमचं तुम्ही बघा ना प्लीज."

आठवडाभर डोकं आपटलं. खरा राग त्या फोटोतल्या बयेवर. चष्मा होता की तिला, चांगला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा! पण चष्मेवालीला स्थळं येत नाहीत आणि गॅदरिंगला गावातल्या निम्म्या भावी सासवा येऊन बसतात, हे तिच्या रिकाम्या डोक्यात पक्कं बसलेलं. चष्मा मैत्रिणीच्या पर्समध्ये टाकून राणीसरकार निघाल्या.

शेवटी पोळ्या लाटता लाटता नातीला सांगून टाकलं.

"राजपुत्र डावीकडे उभा होता. मी गेले उजवीकडे. पडदा ओढायला शिपाई होता, पन्नाशीचा, गालात तंबाखू. त्याचा हात धरला आणि म्हणाले, 'चल, तुझ्यासाठी राज्यावर पाणी सोडलं!' तो दचकला, दोरी सुटली, पडदा माझ्या डोक्यावर."

"उंड दान?" म्हणजे, आणि पुढे?

"मग काय? अख्खं सभागृह गप्प झालं. ते खरंच आहे. हसले नंतर."

मला वाटलं, हसेल. ती चक्क मराठीत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तू मला गंडवत होतीस?" खूप रागावली की हिला मराठी सुचतं. ताट न घेता खोलीत निघून गेली.

नाटकाच्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसले. सुंदरी आली, आणि नाकावर चष्मा नाही! एवढी अब्रू घालवून मिळवलं काय मी? पर्स घट्ट धरून बसले. ती मात्र मान खाली घालून, सावकाश, सरळ राजपुत्रापाशी गेली आणि त्याचाच हात धरला.

"काय गोड लाजली गं!" लेक म्हणाली.

लाजली कसली! नंतर स्टेजवर जाऊन पाहिलं, तर काळ्या फरशीवर तळहाताएवढी रुंद, पिवळीजर्द चिकटपट्टी, नेपथ्यातल्या तटबंदीपासून थेट राजपुत्राच्या जागेपर्यंत.

"तू लावलीस?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं चष्मा लावत ती म्हणाली. "मला शिपाई नको होता."

चिकटपट्टी आमच्याही कॉलेजच्या ऑफिसात होती. मागायचं सुचलं नाही. मला तेव्हा आरशापलीकडे काही दिसतच नव्हतं, आणि तोही धूसर.