फिरत्या सांध्यातलं ग्रीस

ग्रीसचा वास आला की ती धुक्याची पहाट आठवते. आमच्या ट्रॉलरवरचं रडार फिरताना करकरायचं, म्हणून बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, असलेल्या माझ्या मामाने त्याच्या फिरत्या सांध्यात, कप्पीत भरतात तसं, ग्रीस कोंबलं. “आता बघ, कसं गुमान फिरतंय,” तो म्हणाला. त्याच सांध्यातून सिग्नल खाली पडद्यावर येतो आणि ग्रीस भरलं की तो तिथेच अडतो, हे बोटीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. दिघीच्या खाडीच्या तोंडाशी पडदा कोरा होता. दर्या मोकळा समजून मामाने वेग तसाच ठेवला. धुक्यातून कुणीतरी ओरडलं, “दिसत न्हाय काय रं?” आणि लगेच लाकूड फुटल्याचा आवाज आला. ऊन वर आलं तेव्हा पाण्यावर होडीच्या फळ्या आणि एक टोपी तेवढी तरंगत होती. डोक्यावर रडार गुमान फिरत होतं. आज माझ्या बोटीवरचं रडार करकरतं. मी करकरू देतो.