एरोकाकांचं मत

एरोकाका आमच्या घरी मंडळाच्या मीटिंगला नेहमी दहा मिनिटं आधी यायचे आणि ती दहा मिनिटं गाडीतच बसून राहायचे. ठरल्या मिनिटाला बेल वाजायची. फिनलंडच्या संसदेत दोनदा निवडून गेलेला माणूस, लाकूड कारखान्यातल्या कामगारांचा पुढारी. मुलीमागोमाग अमेरिकेत आले, नागरिक झाले आणि सिएटलजवळच्या आमच्या उपनगराच्या कौन्सिलवरही निवडून आले. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. असा माणूस आमच्या भीमजयंतीला मांडी घालून जेवतो म्हणून हुरळून गेले होते.

जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ठराव कौन्सिलपुढे आला, तेव्हा सुषमामावशी म्हणाल्या, "मी लिहून देते, पण नाव नको." मावशी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. मॅनेजर आपलाच, पुण्याचा. जात कळल्यापासून तो त्यांना फ्रिजमध्ये डबाही ठेवू देत नव्हता.

"निनावी कागद कोणी वाचत नाही," एरोकाका म्हणाले. "उभ्या राहा, नाव सांगा. माझं मत तुमचंच आहे."

मावशी उभ्या राहिल्या. नाव सांगितलं, डब्याचं सांगितलं. तिसऱ्या रांगेत मॅनेजर ऐकत होता. मतं पडली: तीन बाजूने, तीन विरोधात. सातवे एरोकाका. ते माइकमध्ये म्हणाले, "तटस्थ." ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी ते मावशींकडे वेलची घातलेला गोड पाव घेऊन आले. मीही तिथेच होते.

"दोन्ही बाजूंचे फोन येत होते. मी विरोधात गेलो नाही, एवढं लक्षात घ्या. आमच्या संसदेत तर तटस्थ राहायला वेगळं बटण होतं. मी ते पुष्कळदा दाबलंय. म्हणून माझं कोणाशी वैर नाही."

हे ते अभिमानानं सांगत होते. मला किळस आली. कामगारांच्या मतांवर निवडून जायचं आणि कामगारांचा प्रश्न आला की ते बटण दाबायचं, याला हा माणूस कारकीर्द म्हणत होता!

"विरोधातले तिघं परवडले, काका," मी ओरडले. "त्यांनी मावशींना उभं तरी केलं नव्हतं!"

मावशींनी मला गप्प केलं. "काका, सोमवारी मॅनेजरनं मीटिंग ठेवलीय. सोबत एकाला आणलं तर चालेल म्हणालाय. येता?"

त्यांनी फोनमध्ये कॅलेंडर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सोमवारी मोकळा आहे. पण मी आलो तर त्याचा वेगळा अर्थ निघेल."

"निघू दे की."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

सोमवारी मावशींबरोबर मी गेले. मॅनेजरनं माझ्यासाठी खुर्ची ओढली, दाराकडे पाहिलं आणि हसून मावशींना विचारलं, "काय हो, तुमचे कौन्सिलवाले काका नाही आले?"