मुठीतले किलो

तिला सगळे किलोताई म्हणत. आजारातून उठलेल्यांकडून ती घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायची. जवळ तळहाताएवढं, दोरी बांधलेलं स्वस्तातलं यंत्र असे. दांडी मुठीत आवळली की पकडीची ताकद किलोत दिसायची. स्वस्त वस्तूवर आंधळा विश्वास नको, म्हणून दर सोमवारी ती दांडीला पाण्याचा कॅन टांगून आकडा ताडून पाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात तापाने खंगलेल्या सासूबाई होत्या. पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलेले त्यांचे हात आता चमचाही धरेनात. सून घरीच शर्टांना काजं करायची. सासूबाईंना हुरूप यावा म्हणून किलोताई आधी सुनेला यंत्र आवळायला लावी. पहिल्या मंगळवारी सून चोवीस, सासू सहा.

"मी आपली लिंबूटिंबू," सासूबाई हसल्या.

पुढच्या मंगळवारी सासू नऊ, सून एकवीस. मग तेरा आणि सतरा. मग सोळा आणि चौदा. सासूबाई स्वतःच्या हाताने जेवू लागल्या, तर सुनेच्या हातून कपबशा निसटू लागल्या. जिन्यात बसून वही चाळताना किलोताईच्या लक्षात आलं, बेरीज दर वेळी तीसच होती. तिने तिथेच स्वतःची मूठ मोजली, घरी जाऊन कॅन टांगला. यंत्रात खोट नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, सून दमली असेल, बाकी योगायोग.

तिने सुनेला बाजूला घेऊन विचारलं. ताप आल्यापासून सासूबाईंना दुपारी तिचा हात धरल्याशिवाय झोपच लागत नव्हती.

"सोडवून घेते तेव्हा माझी बोटं गार पडलेली असतात," सून म्हणाली.

किलोताईने तिला आठ दिवस बहिणीकडे पाठवलं. आठव्या दिवशी तिथे जाऊन मोजलं तर वीस. तशीच ती सासूबाईंकडे आली. पडदे ओढलेल्या खोलीत त्यांनी मूठ आवळली. दहा.

सासूबाईंनी यंत्र डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला.

"आणि तिचा?"

"वीस."

"म्हणजे सावरतेय." त्यांनी दोन्ही हात पांघरुणात घेतले. "मला कळत होतं गं. पण इतकं बरं वाटत होतं, की सोडवेना."

सून परत आली, पण सासूबाईंनी तिला पुन्हा हात लावू दिला नाही. ती जवळ आली की हात पांघरुणाखाली जात. आता त्यांचा मुलगा त्यांना भरवतो. आकडे तिथेच थांबले आहेत.

किलोताई अजून जाते. यंत्र देताना त्याची दोरी टोकाला धरून पुढे करते. गेल्या मंगळवारी सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "तूही घाबरतेस ना?"

ती हो म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं यंत्र, तिच्या बोटांना न शिवता, हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.