गुडघ्यात आलेलं वारं

महाडच्या कोर्टासमोर लोकांचे अर्ज टाइप करून देण्यात माझं उभं आयुष्य गेलं. बसून बसून शरीरात बोटं आणि तोंड एवढंच कामाचं उरलं, आणि गुडघे संधिवाताने धरले. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, आणि शिमग्यात तिथल्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. वडिलांमागे तो मीच देत आलो. यंदा चुलतभावाने फोनवर अगदी काळजीने सांगितलं की तू नुसता ये, खांद्याचं मी बघतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी कीव केलेली मला चालते, खांदा घेतलेला चालत नाही.

हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं की सूज जुनी झाली की सांध्यातल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. साध्या हालचालीलाही आग लागल्याची वर्दी मेंदूला देत सुटतात. मग त्यांनी मिरचीच्या अर्काचं मलम दिलं. मिरची काय, विस्तव काय, या टोकांना दोन्ही सारखंच जाणवतं, म्हणून आधी जळजळतं, पण रोज थोडं थोडं लावलं की ती टोकं दमून गप्प होतात. पातळ लावा, धगीपासून लांब राहा, असंही त्या म्हणाल्या. तोवर मी मनाने पालखीखाली पोचलो होतो.

आमच्याकडे होम, म्हणजे होळी, सकाळी लागतो, आणि पालखी त्याच्याभोवती नाचवतात. मी पहाटे उठून मलम लावलं. थोड्याने थोडा गुण, तर जास्तीने जास्त, या हिशेबाने पावाला चटणी थापावी तसं थापलं, वर पट्टी आवळली आणि इस्त्रीची पॅंट चढवली.

पहिली फेरी झकास झाली. दुसरीला वारा फिरला, होमाची धग थेट पायांवर आली आणि दोन्ही गुडघे पेटले. खांदा सोडता येईना, उभं राहवेना. मी नाचलो. ऐन तरुणपणी नाचलो नव्हतो तसा नाचलो. मागच्या खांदेकऱ्यांची फरफट झाली, ढोलवाल्यांना चेव आला आणि कोणीतरी म्हणालं, वारं आलं, देव अंगात आला. चुलतभावाने स्वतः माझ्या कपाळाला गुलाल लावून हात जोडले. इतकी आग होत असतानाही मला ते फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

पालखी टेकवली. मला पाटावर बसवलं आणि लोक गाऱ्हाणी घेऊन पुढे आले. मी डोळे मिटून घुमत होतो, म्हणजे कण्हत होतो. न बोलता भागतंय, तर भागू द्यावं म्हटलं.

मग काकी आली. चुलतभावाची आई. सगळं गाव जिला काटक म्हणतं, दुखण्याचा शब्द जिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, ती माझ्या पायांशी वाकली आणि हळूच म्हणाली, "देवा, गुडघं रातध्याड जळतात रे. पोरांना सांगत नाय. अजून किती?"

मी डोळे उघडले. तिच्या गुडघ्यांना ना मलम होतं ना विस्तव, तरी तीच आग. आणि मी एका सकाळच्या आगीवर देव होऊन बसलो होतो. मला लाज वाटली.

"काकी, देव नाय गो," मी म्हणालो, "मी हाय. मिरचीचं मलम लावलंय."

आधी कोणाला कळेना, मग जे हसू फुटलं ते होमापलीकडे गेलं. चुलतभावानेही हसत हसत पुढचा खांदा घेतला आणि पालखी घरोघरी निघाली. एकटी काकी हसली नाही. मलम तुला देतो, पण आधी माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे चल, असं मी तिच्या कानात सांगितलं. तिने मान हलवली आणि उठायला माझा हात मागितला. मीही तिचाच मागणार होतो. एकमेकांना धरून आम्ही दोघं कसेबसे उभे राहिलो, तोवर पालखी वळणाआड गेली होती.