दौंडच्या पुलावरची सोजरबाई

दौंड स्टेशनाबाहेर उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या सोजरबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. माप हलकं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सुनवायची, "मग टोपलंच घिऊन जा की, मला बी संगट न्ये." घर रुळांच्या पलीकडं, धंदा अलीकडं. नवरा गेल्यापासून डोक्यावर टोपलं घेऊन रोज रेल्वेचा पूल चढायचा आणि उतरायचा. त्यावरच मुलगा सुमित शिकला, कुरकुंभच्या कंपनीत लागला आणि दीक्षासारखी गुणी सून घरात आली.

दोन वर्षांपूर्वी सोजरबाईच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. पुण्याला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. सुटलो एकदाचे म्हणून घरच्यांनी हुश्श केलं, तोच तपासणीच्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात दोन गाठी दिसल्या. आतड्यातलाच आजार रक्तातून वर जाऊन बसला होता.

बातमी फुटली आणि पाहुणेरावळे बिस्किटांचे पुडे घेऊन शेवटचं भेटल्यासारखे भेटायला येऊ लागले. "फुफ्फुसात गेला म्हंजी आटोपलंच," एक म्हणे. "कॅन्सरला हत्यार लावलं की पसरतो," दुसरा म्हणे. असले विद्वान आपल्याकडं पैशाला पासरी!

पुण्याच्या डॉक्टरीणबाई मात्र समजावून बोलल्या. "अशा गाठी काढायचं ऑपरेशन सगळ्यांना नाही करता येत, आजी. तुमच्या गाठी दोनच आहेत, एकाच बाजूला, आणि बाकी कुठं काही नाही. म्हणून काढता येतील. पण त्यांच्याबरोबर फुफ्फुसाचा थोडा भाग जाणार, तेव्हा उरलेल्यात दम हवा. महिन्यानं या. न थांबता दोन मजले चढून दाखवा, श्वासाची तपासणी नीट येऊ द्या, मग तारीख देते."

इथंच तर सगळी पंचाईत होती. आजारानं आणि केमोनं बाई पार खंगली होती. पूल चढताना अर्ध्यातच तिला कठडा धरून बसावं लागे. दवाखान्याचा जिना चढता आला नाही तर गाठी आतच राहणार, हे तिला पक्कं कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती रिकाम्या हातानं पुलाशी गेली. चढायची, टेकायची, उतरायची, परत चढायची. चहावाल्या गीताबाईनं न विचारता पुलाच्या वरच्या टोकाला एक स्टूल आणून ठेवलं. ओळखीचे पासवाले तिला वाट सोडून कडेनं जाऊ लागले. हमाल मल्हारी मात्र तिच्या डोळ्यांत सलायला लागला. ती चढली की हा मागं, ती थांबली की हाही थांबलेला.

"पाय मोडल्यात का रं तुजं? व्हय की म्होरं!" ती खेकसायची. मल्हारी नुसता हसायचा.

एके दिवशी तिनं अर्ध्या जिन्यावरून गर्रकन वळून बघितलं. मल्हारीच्या डोक्यावर ना बॅग, ना खांद्यावर पिशवी. पाऊल टाकायला शिकणाऱ्या लेकराच्या मागं आई चालते, तसे दोन्ही हात पुढं करून तो चढत होता. खाली गाडी लागली होती आणि बाकीचे हमाल डब्यांकडं पळत होते.

"ह्ये काय?"

"काय न्हाई, मावशी. तुमचा पाय घसरला तर..."

सोजरबाईनं तोंड फिरवलं, पदरानं डोळे पुसले आणि पुढची पायरी चढली.

महिना सरल्यावर डॉक्टरीणबाई स्वतः तिच्याबरोबर जिना चढल्या. वर पोचेपर्यंत सोजरबाई घामानं निथळत होती, पण थांबली नव्हती. धाप डॉक्टरीणबाईंनाही लागली होती. "आजी, कुठं केलात एवढा सराव?" त्यांनी विचारलं. "आमच्या दौंडच्या पुलावर," सोजरबाई म्हणाली. श्वासाची तपासणीही चांगली आली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

बरगड्यांमधून लहान छिद्रं पाडून दोन्ही गाठी काढल्या. पुढं रिपोर्ट आला, गाठींच्या कडेला आजार उरला नव्हता. "पुन्हा येणारच नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तपासणी चुकवू नका." सोजरबाईनं हात जोडले. जे मिळालं तेच तिला उदंड वाटत होतं.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी ती पुलावर गेली. टोपलं उचलायला अजून मनाई होती. अर्ध्यावर दम लागला, तशी ती कठडा धरून उभी राहिली. मागची पावलंही थांबली. ती वळली, तर मल्हारीच.

"मल्हारी, इतकं दिस निस्ती माझी पाठच बघितलीस रं. लई उपकार केलंस, बाबा. आता म्होरं चाल."

"आन् तुमी पडला तर मला दिसनार कसं?"

"हाक मारीन की," सोजरबाई म्हणाली. "तेवढा दम हाय आता माझ्यात."